जुन्या कालव्याच्या काठची वाट: ती बांधतात कशी, टिकवतात कशी

जुन्या कालव्याच्या काठाने जाणारी वाट सपाट असते, बहुतेक ठिकाणी सावलीत असते आणि तिच्यावर मोटारी नसतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, सायकलवाले, व्हीलचेअरवरून फिरणारे अशा सगळ्यांना एकत्र सामावून घेणाऱ्या जागा फार कमी उरल्या आहेत. म्हणून मालवाहतूक बंद पडलेल्या कालव्यांचे काठ फिरायला खुले करण्याचं काम अनेक देशांत चालू आहे. वरवर पाहता काम सोपं दिसतं. वाट तर आहेच. झुडपं काढा, खडी पसरा, पाट्या लावा, झालं. पण ही वाट बऱ्याच ठिकाणी साध्या जमिनीवर नसते. पाणी अडवून धरणाऱ्या मातीच्या भरावाचा माथा म्हणजे ही वाट. ती बांधणारा माणूस एका लांबलचक, जेमतेम मीटर-दोन मीटर पाणी अडवणाऱ्या धरणावर काम करत असतो. झाड तोडायचं की ठेवायचं, खांब कुठे रोवायचा, खडी किती उंच भरायची, हे सगळं त्यावरून ठरतं.

घोड्यासाठी आखलेली वाट

रेल्वे येण्याआधी जड माल न्यायचा तर पाण्यासारखा स्वस्त मार्ग नव्हता. बऱ्यापैकी रस्त्यावर एक घोडा गाडीतून साधारण दोन टन ओझं ओढायचा. तोच घोडा कालव्यातली तीस टन मालाची नाव सावकाश ओढत न्यायचा. घोडा किंवा खेचर काठाने चालायचं आणि लांब दोराने नाव मागून यायची. जनावराच्या चालण्यासाठी काठावर राखलेली ही वाट म्हणजे टोपाथ.

कालव्यातलं पाणी दोन लॉकच्या मधे जवळजवळ सपाट असतं, म्हणून टोपाथही सपाट. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, जिथे दोन दरवाजांमधल्या कोठीत पाणी भरून नाव वरच्या पातळीला चढवतात. अमेरिकेतला चेसापीक अँड ओहायो कालवा वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून मेरिलँडमधल्या कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर जातो. एवढ्या अंतरात ७४ लॉक आणि एकूण चढ ६०५ फूट. किलोमीटरमागे सरासरी दोन फूट! सायकल चालवताना हा चढ पायांना कळतही नाही.

या वाटांवर जुन्या कामाच्या खुणा अजून दिसतात. पुलाखालच्या कोपऱ्यातला दगड जवळ जाऊन पाहा. त्यावर बोटभर खोल, गुळगुळीत चऱ्या पडलेल्या असतात. दोर ओला असायचा, त्यात वाळूचे कण अडकायचे, आणि वर्षानुवर्षं तो त्याच कोपऱ्याला घासत गेल्याने दगड असा कापला गेला. पुढे दगड वाचवायला तिथे लोखंडी पट्ट्या बसवल्या, तर त्या पट्ट्यांवरही खाचा पडल्या. पुलाची डागडुजी करताना या चऱ्या सिमेंटने बुजवल्या जातात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण कोणत्याही माहितीफलकापेक्षा त्या जास्त सांगतात. मुकादमाला आधी नुसतं सांगून ठेवलं तरी त्या वाचतात.

चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट आज आहे ती योगायोगाने नाही. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ मध्ये केंद्र सरकारने तो २० लाख डॉलरना विकत घेतला, आणि पुढे त्याच्या मार्गावर मोटारींसाठी रस्ता काढायचा प्रस्ताव आला. एका मोठ्या वर्तमानपत्राने रस्त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं: माझ्याबरोबर हा सगळा काठ चालून बघा, मग बोला. मार्च १९५४ मध्ये आठ दिवसांची ती पदयात्रा झाली. शेवटपर्यंत पोचलेले डग्लस धरून नऊच जण होते, पण वर्तमानपत्राने आपली भूमिका सौम्य केली आणि रस्त्याचा बेत मागे पडला. १९७१ मध्ये हा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

काठ कोणाचा, पाणी कोणाचं

खडीचा पहिला ट्रक मागवायच्या आधी कागद तपासावे लागतात. कालवा कंपन्या बुडाल्या तेव्हा जमिनी तुकड्यातुकड्याने विकल्या गेल्या. काही ठिकाणी कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हतीच, फक्त तिथून कालवा नेण्याचा हक्क होता; कालवा बंद झाल्यावर तो हक्क संपला का, यावर शेजारचे मालक आणि सरकार यांच्यात वाद होतात. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ मध्ये सरकारी संस्थेकडून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेले, सुमारे २००० मैल. तिथल्या कितीतरी टोपाथवर लोक रोज चालतात ते कायद्याने मिळालेल्या हक्काने नाही तर मालक संस्थेच्या परवानगीने. चालणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. दुरुस्तीसाठी वाट सहा महिने बंद ठेवायची वेळ आली की मात्र तो महत्त्वाचा ठरतो.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. न्यू जर्सीतला डेलावेअर अँड रॅरिटन कालवा १९३२ मध्ये नावांसाठी बंद झाला, १९७४ मध्ये राज्य उद्यान झाला, आणि आजही तो पिण्याचं पाणी वाहून नेतो. अशा ठिकाणी वाटेचा सांभाळ एकाकडे आणि पाण्याचा दुसऱ्याकडे असतो. एकाने गवत कापलं नाही तर दुसऱ्याला गळती दिसत नाही. भराव, मोऱ्या (कालव्याखालून ओढा नेणाऱ्या कमानी), सांडवे, वाट यांतलं काय कोण पाहणार हे लिहून ठरलेलं नसेल, तर काम सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टोपाथच्या पोटात पुढे कोणी पाण्याच्या नळ्या, कोणी केबल पुरलेल्या असतात, त्यांचे नकाशेही याच वेळी गोळा करायचे.

भराव ओळखायला शिकणं

आता मुख्य भाग. जुना कालवा पाणी धरतो तो चिकणमातीच्या जोरावर. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली यांच्या काळापासून इंग्रज अभियंते चिकणमाती पाण्यात कालवून, फावड्याने चिरून, पायांनी तुडवून तिचा एकजीव थर करत आणि तो कालव्याच्या तळाला आणि कडांना देत. काही ठिकाणी तुडवायला गुरं फिरवत. हा थर साधारण दोन-तीन फूट जाड असतो आणि ओला असेपर्यंतच पाणी अडवतो. वाळला की त्याला भेगा पडतात. पन्नास वर्षं कोरड्या पडलेल्या कालव्यात पुन्हा पाणी सोडून काठ रम्य करू, असा उत्साह बऱ्याच गावांना येतो. पाणी सोडल्यावर ते खालच्या शेतात निघतं, कारण मधल्या काळात चिकणमाती तडकलेली असते. तिथे नव्याने अस्तरीकरण करावं लागतं, आणि त्याचा खर्च वाटेच्या खर्चाहून कितीतरी मोठा असतो.

टोपाथ या भरावाच्या माथ्यावर. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला उतार आणि खाली शेत, रस्ता किंवा नदी. पाहणी करणाऱ्याने वाटेवरून चालण्याआधी त्या उताराच्या पायथ्याने चालायला हवं, आणि तेही आठ-दहा दिवस पाऊस नसताना. सगळीकडे गवत वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार असेल किंवा पाय रुतत असेल, तर आतून पाणी येतंय. येणारं पाणी काचेच्या बाटलीत धरायचं आणि अर्धा तास ठेवून द्यायची. स्वच्छ राहिलं तर तो साधा पाझर. त्या जागी खूण करायची, दर आठवड्याला बघायचं, वाढतोय का याची नोंद ठेवायची. बाटलीच्या तळाशी गाळ बसला तर मामला गंभीर, कारण पाणी येताना भरावातली माती घेऊन येतंय.

हे का घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. माती आधी उताराच्या बाहेरच्या तोंडाशी सुटते, म्हणून पोकळी बाहेरून आत, पाण्याच्या दिशेने सरकते. ती जसजशी आत जाते तसतसं पाण्याला कापायचं अंतर कमी होतं, वेग वाढतो, आणखी माती सुटते. महिनोन्महिने काहीच बदल दिसत नाही, आणि शेवटचा टप्पा काही तासांत पार पडतो. गढूळ पाणी दिसलं की वाट बंद करून कालव्यातली पातळी उतरवायची आणि अभियंत्याला बोलवायचं. माती लोटून बाहेरचं तोंड बंद करणं हा उपाय नव्हे. पाणी दुसरीकडून वाट काढतं.

भराव फुटायचं दुसरं कारण म्हणजे पाणी माथ्यावरून वाहणं. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या मिडलविचजवळ लॉकच्या झडपा उघड्या राहिल्या, खालच्या भागात पाणी चढत गेलं, काठावरून वाहिलं आणि भरावाला मोठं भगदाड पडलं. वाट बांधणाऱ्याचा याच्याशी थेट संबंध आहे. चालून चालून वाट जिथे झिजते तिथे भरावाची उंची कमी होते, आणि पाणी चढलं की ते सर्वांत आधी त्याच जागेवरून जातं. म्हणजे वाटेवरचा लांबट खोलगट भाग बुजवणं हे सुरक्षेचं काम आहे.

याच्या नेमकं उलटही घडतं. जुन्या बांधणाऱ्यांनी काही ठिकाणी टोपाथ मुद्दाम खोलगट ठेवून दगडांनी फरसबंद केलेला असतो. जास्तीचं पाणी तिथून नुकसान न करता ओढ्यात जावं, म्हणून ठेवलेला तो सांडवा. नव्या ठेकेदाराला तो वाटेतला खड्डा वाटतो आणि तो खडीने भरून सपाट करतो. पुढच्या मोठ्या पावसात पाणी भलत्याच जागी काठ ओलांडतं. म्हणून पाहणीच्या वेळी सांडव्यांची, विमोचकांची (पाणी सोडायच्या दारांची), बुजलेल्या झडपांची यादी आधी करायची, मग वाटेची पातळी ठरवायची.

आणि मोऱ्या. कालव्याच्या आड येणारे ओढे त्याच्या पोटाखालून दगडी मोऱ्यांतून नेलेले असतात. चेसापीक अँड ओहायो कालव्याखाली अशा दीडशेहून अधिक मोऱ्या आहेत. वाटेवरून त्या दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची आठवण कोणालाच राहत नाही. मोरीचं तोंड फांद्यांनी चोंदलं की ओढा वरच्या बाजूला तुंबतो आणि भरावाला दोन्हीकडून पाणी लागतं. कमानीतला एखादा दगड निखळला की वरची माती हळूहळू मोरीत उतरते आणि एक दिवस वाटेच्या मधोमध गोल खड्डा पडतो. असा खड्डा खडी टाकून बुजवायचा नसतो. आधी खाली उतरून मोरीत बॅटरी मारून बघायचं.

झाडांबद्दल मतं तीव्र असतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. भरावावरचं मोठं झाड वादळात उन्मळलं तर मुळांच्या पसाऱ्याबरोबर मातीचा मोठा गड्डा उखडून नेतं. झाड मेलं तर मुळं कुजतात आणि मातीत पोकळ नळ्या राहतात, त्यांतून पाणी वाट काढतं. मग सगळी झाडं तोडायची का? तेही धोक्याचं, कारण एकदम तोडलेल्या झाडांची मुळं एकाच काळात कुजतात आणि काही वर्षांनी सगळीकडून पाझर सुरू होतो. शिवाय सावली गेली की वाटेवर येणारी माणसंही जातात. मला पटलेला मार्ग मधला आहे: मनगटाएवढ्या जाडीची नवी रोपं दरवर्षी काढत राहायची, मोठी झाडं जाणकाराकडून तपासून घ्यायची, झुकलेल्यांचा भार छाटून कमी करायचा, आणि जे काढावंच लागेल त्या जागेवर पुढची अनेक वर्षं नजर ठेवायची.

सावलीचंही नियोजन लागतं हे फ्रान्समधल्या कॅनॉल द्यू मिदीने दाखवलं. प्येर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये सुरू केलेला आणि १६८१ मध्ये खुला झालेला हा २४० किलोमीटरचा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या काठावर प्लेन जातीची सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यात एक बुरशीजन्य रोग सापडला. झाडावरच्या जखमांतून, शेजारच्या झाडाच्या मुळांतून, पाण्यातून, कापणीच्या अवजारांतून तो पसरतो, आणि लागण झालेलं झाड वाचत नाही. हजारो झाडं तोडून जाळावी लागली. सगळा काठ एकाच जातीचा असल्यामुळे रोगाला कुठे अडसरच नव्हता. आता तिथे वेगवेगळ्या जाती लावल्या जात आहेत.

बिळं करणाऱ्या प्राण्यांचंही तसंच. मस्करॅट (पाण्याकाठी राहणारा उंदरासारखा प्राणी), बॅजर (जमीन उकरणारा बिजूसारखा प्राणी), उंदरांच्या जाती भरावात घरं करतात. मस्करॅटच्या बिळाचं तोंड पाण्याखाली असतं, त्यामुळे कालव्याची पातळी उतरवल्याशिवाय ते दिसत नाही. कित्येक प्राण्यांना कायद्याचं संरक्षण असतं, म्हणून बीळ बुजवण्यापूर्वी विचारावं लागतं.

खडीचा पृष्ठभाग

वाटेची रुंदी चालणारे आणि सायकलवाले दोघांसाठी किमान तीन मीटर असावी असं साधारण मानतात. चेसापीक अँड ओहायोचा टोपाथ मुळात बारा फुटांचा होता, त्यामुळे तिथे रुंदी मिळते. कित्येक इंग्लिश कालव्यांवर मात्र एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कुंपण, मधे दीड-दोन मीटर. तिथे रुंदीकरणाचा मोह टाळून वेग कमी ठेवणं बरं, कारण पाण्याच्या बाजूला सरकलं की काठ ढासळतो.

बहुतेक ठिकाणी सगळ्यात चांगला टिकणारा पृष्ठभाग म्हणजे क्रशरमधून (दगड फोडायच्या यंत्रातून) निघालेली बारीक खडी, तिच्यातल्या कचेसकट, म्हणजे दगडाच्या भुकटीसकट. क्रशरवर जाऊन ढीग नुसता पाहून घेऊ नये, हातात घ्यावा. मूठभर माल किंचित ओला करून घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा हातावर टिकला आणि बोटाने ढकलल्यावर कडांशी तुटला, तर माल योग्य. पटकन विस्कटला तर कच कमी आहे, सायकलची चाकं त्यात फसतील. बोटांना चिखल लागला तर माती जास्त आहे, पावसात वाट निसरडी होईल. कणांना टोकं हवीत. नदीतले गोल गोटे कितीही दाबले तरी एकमेकांत अडकत नाहीत, ते पायाखालून घरंगळतात.

खाली जुनी वाट भुसभुशीत असेल तर वरची पानं-माती खरवडून काढायची, जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं, त्यावर चार ते सहा इंच जाड खडीचा थर, त्यावर बारीक कचेचा दोन इंच. कापडामुळे खडी खालच्या चिखलात रुतत नाही आणि चिखल वर येत नाही. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. कोरड्या कचेवर रोलर फिरवला तर वरून सपाट दिसतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात धूळ उडते. मोऱ्यांवर आणि जुन्या पुलांवर कंपन देणारा रोलर वापरायचा नाही. हलका, साधा रोलर पुरतो. ट्रकचं वजनही आधी तपासायचं. माल आत न्यायला वाट हाच एक रस्ता असतो, म्हणून काम सगळ्यात लांबच्या टोकाकडून सुरू करून प्रवेशाच्या दिशेने मागे यायचं, नाहीतर भरलेले डंपर आपल्याच ताज्या कामावरून जातात.

वाटेवरचं पाणी निघून जायला आडवा उतार साधारण दोन टक्के, म्हणजे तीन मीटर रुंदीत सहा सेंटीमीटर. याहून जास्त दिला तर व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते. उतार कोणत्या बाजूला द्यायचा याला एकच नियम नाही. वाट डोंगर खोदून काढलेली असेल तर पाणी डोंगराच्या कडेच्या चराकडे न्यावं. उंच भरावावर असेल तर बाहेरच्या उतारावरून एका जागी पाणी सोडणं घातक, तिथे ओघळ पडून भराव कापला जातो. तिथे मी उतार कालव्याच्या बाजूला देणं पसंत करीन, मात्र काठाशी गवताचा पट्टा राखून, म्हणजे कच पाण्यात वाहून जात नाही.

डांबर करावं का, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. शहरी भागात, रोजच्या गर्दीत डांबर योग्य ठरतं. पण झाडांची मुळं ते उचलतात, काठ खचला की ते लांबलचक तडकतं, आणि पुराने एकदा खालून कापलं की त्याचे तुकडे उचलून फेकून द्यावे लागतात. खडीची वाट पुराने नेली तर खडी टाकून पुन्हा उभी राहते. गावाबाहेर मी खडीच्याच बाजूने आहे.

अवघड जागा

अशा प्रकल्पात मोजक्या जागांवर बरेच पैसे जातात. लॉकपाशी छोटा पण तीव्र चढ असतो; तिथे व्हीलचेअरसाठी उतार पाच टक्क्यांच्या आत आणायचा तर रॅम्प लांबवावा लागतो आणि ऐतिहासिक दगडकामाला हात लावायचा नसतो. पुलाखाली उंची कमी आणि पुढचं दिसत नाही.

काही ठिकाणं तर आधीपासूनच धाडसी आहेत. वेल्समधला पोंटकसिल्टे जलसेतू, म्हणजे कालवाच नदीवरून नेणारा पूल, थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधला, १८०५ मध्ये खुला झाला. ३०७ मीटर लांब, नदीपासून सुमारे ३८ मीटर उंच लोखंडी हौद. टोपाथच्या बाजूला कठडा आहे, पलीकडे हौदाची कडा तेवढी. अमेरिकेतला पॉ पॉ बोगदा ३,११८ फूट लांब; काम १८३६ मध्ये सुरू झालं आणि १८५० मध्ये संपलं. आत विटांचं अस्तर, अरुंद टोपाथ, लाकडी कठडा आणि मिट्ट काळोख. लोक बॅटरी घेऊन जातात. तिथे दिवे लावावेत अशी मागणी येत राहते, पण अशा बोगद्यांत वटवाघळं राहतात आणि अंधार हा त्या जागेचाच भाग आहे. प्रवेशाशी स्पष्ट पाटी लावणं पुरेसं आहे.

नदीकाठच्या जागा सगळ्यात खर्चिक. चेसापीक अँड ओहायोवर बिग स्लॅकवॉटर नावाचा भाग आहे. तिथे नावा कालव्यातून बाहेर पडून नदीतून जायच्या आणि टोपाथ कड्याला चिकटून काढलेला होता. पुरांनी, विशेषतः १९९६ च्या दोन पुरांनी, तो मोडून टाकला. वर्षानुवर्षं लोकांना मोटारींच्या रस्त्याने वळसा घालावा लागला. शेवटी काँक्रीटचा उंचावरचा पदपथ बांधून २०१२ मध्ये तो भाग पुन्हा जोडला गेला.

कठडा सगळीकडे लावावा असं लोकांना वाटतं, विशेषतः लहान मुलं पाहिली की. पण प्रत्येक खांबासाठी भरावात खड्डा होतो आणि तो चिकणमातीपर्यंत गेला तर गळतीला आमंत्रण. पुरात कठड्यात फांद्या अडकतात, पाण्याचा जोर त्यावर येतो आणि खांबांसकट काठ उखडतो. म्हणून जिथे पडलं तर खोल पाणी किंवा उंची आहे तिथेच कठडा, इतर ठिकाणी काठाशी उंच गवताचा पट्टा. तो पट्टा माणसाला आपोआप काठापासून दूर ठेवतो.

मोटारसायकली अडवायला लावलेली नागमोडी फाटकं बऱ्याचदा व्हीलचेअर आणि मागे मुलांची गाडी जोडलेली सायकलही अडवतात. दीड मीटर मोकळी जागा सोडून मधे एक ठळक रंगवलेला खांब, हा जास्त चांगला उपाय. सायकल आणि चालणारे यांच्या भांडणांवर कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम साधा आहे: पहिला मान चालणाऱ्याचा. पुलाखाली घंटी वाजवून सायकल हळू न्यायची.

रोजचं काम

उद्घाटनाच्या दिवशी वाट जशी असते तशी ती पुढे राहत नाही. खडीच्या वाटेचं नुकसान जवळजवळ नेहमी साचलेल्या पाण्यापासून सुरू होतं. छोट्या खळग्यात पाणी थांबतं, सायकलचं चाक त्यातून जाताना पाणी जोराने बाहेर फेकलं जातं आणि त्याबरोबर कच निघून जाते. उरलेली खडी सैल होते, खळगा वाढतो. तो नुसता वरून भरला तर महिन्याभरात पुन्हा उघडतो. कडा उभ्या कापून, तळ खरवडून, ओली कच भरून धुम्मसने ठोकायचा. हे काम दोन माणसं आणि एक हातगाडी करू शकतात, पण वेळच्या वेळी. वर्षभर थांबलं की रोलर आणावा लागतो.

वाटेच्या कडेला गवत वाढून माती साचते आणि एक बारीक वरंबा तयार होतो. तो दिसायला किरकोळ, पण वाटेवरचं पाणी तोच अडवून धरतो. दरवर्षी पावसाआधी तो खरडून काढला तर निम्मे खड्डे पडतच नाहीत. गवत कापण्याचंही एक तंत्र आहे. भरावाच्या बाहेरच्या उतारावर गवत आखूड ठेवायचं, म्हणजे ओल आणि बिळं नजरेला पडतात. पाण्याच्या काठचं गवत उंच राहू द्यायचं, वर्षातून एकदा आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम सोडून कापायचं, तेही एका वर्षी एक भाग आणि पुढच्या वर्षी दुसरा.

पाण्यातल्या तणावर अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या कालव्यांवर वापरतात तो उपाय मला आवडतो. तिथले कालवे आजही पाणी वाहून नेतात, त्यांच्या काठावर लोक पळतात, सायकल चालवतात. तण खायला पाण्यात गवत्या मासे सोडलेले आहेत. हिवाळ्यात कालव्याचा एकेक भाग कोरडा करून भिंती दुरुस्त करतात तेव्हा मासे पकडून दुसऱ्या भागात हलवतात.

मोठ्या पावसानंतरची फेरी टाळायची नाही. मोऱ्यांची दोन्ही तोंडं, सांडवे, भरावाचा पायथा, पडलेली झाडं, या क्रमाने. वाट सगळ्यात शेवटी. पूर ओसरल्यावर लोक लगेच यायला लागतात, पण आतून पोकळ झालेला भराव वरून धडधाकट दिसतो; पायथा पाहिल्याशिवाय फाटक उघडू नये.

एवढ्या लांबीवर पगारी माणसं पुरत नाहीत. चेसापीक अँड ओहायोवर स्वयंसेवक काठाचा एकेक टप्पा वाटून घेतात, तो चालतात, कचरा उचलतात आणि पडझड कळवतात. त्याच माणसाने तोच टप्पा वर्षानुवर्षं पाहिला की बदल लगेच लक्षात येतो. त्यांना चिमटा आणि पिशवी देऊन भागत नाही. ओल कशी दिसते, सांडवा कोणता, गढूळ पाणी म्हणजे काय, हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं आणि शिकवायलाच हवं.

पैशांच्या बाबतीत, वाट बांधायला देणगी आणि अनुदान मिळतं, मोरी साफ करायला मिळत नाही. बांधकामाच्या अंदाजपत्रकातच देखभालीचा वेगळा निधी बाजूला काढून ठेवावा आणि त्याला हात लावता येणार नाही अशी तरतूद करावी. ते होत नसेल तर आधी वाटेची लांबी कमी करावी. दहा किलोमीटर नीट सांभाळलेली वाट मी तीस किलोमीटर सोडून दिलेल्या वाटेपेक्षा केव्हाही पत्करीन.

आणि एक स्वस्त गोष्ट पहिल्याच वर्षी करून टाकावी. प्रत्येक मोरी, सांडवा, पूल आणि लॉक यांना क्रमांक द्यावेत, ते क्रमांक वाटेवरून दिसतील असे छोट्या दगडांवर रंगवावेत, आणि दर पाचशे मीटरवर कळवण्याचा फोन नंबर लिहावा. मग फिरायला आलेला कोणीही माणूस ‘पुलाच्या थोडं पुढे कुठेतरी’ असं न सांगता ‘४७ नंबरच्या मोरीखाली गढूळ पाणी येतंय’ असं सांगू शकतो, आणि दुरुस्तीची माणसं थेट तिथे पोचतात.